गुपित त्यांचं, घाम माझा

नाय पन मला सांगा, एखाद्या मानसानं आपलं गुपित आपल्यापाशी ठेवलं, ठेवू द्या बापडं, ज्याचं त्याला. पन त्याचं गुपित आपल्याला कळलंय हे त्याला कळू नये म्हनून आपन तीन महिने ऊर फुटूस्तर पळायचं, ह्याला काय म्हनायचं? नोकरी म्हनायची का सजा म्हनायची? तुम्हाला सांगते, चोवीस वर्षं झाली मला मिशनच्या दवाखान्यात, मावशी म्हनून लागले, अडलेल्या बाळंतिनी पाहिल्या, जुळी पाहिली, तिळी पाहिली, बायकोच्या आधी चक्कर येऊन पडलेले नवरे पाहिले, पन त्या तीन महिन्यांत जेवढी दमले ना, तेवढी आयुष्यात कदी दमले नाय. गुपित त्यांचं, आन् घाम माझा!

कोनाचं इचारता? आवं, मुकुंदरावांचं! थांबा, पयल्यापासून सांगते, नायतर तुम्ही म्हनाल भामाबाई कुठनंबी सुरू करती.

साल ते दुष्काळाचं. लागोपाठचं दुसरं. जायकवाडीचं पानी तळाला गेलेलं, तिकडं लातूरला पानी रेल्वेत बसून निघालेलं, आन् इकडं आपलं शहर… औरंगाबाद म्हना का संभाजीनगर म्हना, कोनत्याबी नावानं हाक मारली तरी नळ आठ दिवसालाच ओ द्यायचा! आन् गंमत बगा, पानी नाय म्हनून शहर थांबलं का? काय बिशाद! मी कामाला लागले तवा दवाखान्याच्या भवती ज्वारी होती, ज्वारी, कनसं खिडकीतून आत यायची. आता चारी बाजूनं सहा-सहा मजली इमारती. नाव काय, तर 'सरोवर दर्शन'! सरोवर कुठंय, तर गेटापुढं टँकरची रांग लागली की खाली जो चिखल होतो ना, तेच सरोवर. तिथंच दर्शन.

तर आमच्या दवाखान्याची एक रीत हाय, दुसरीकडं कुठं नसंल. सिस्टर ब्रिजितनं घातलेली. केरळातल्या त्या, तीस वर्षं झाली इथं येऊन, मराठी फाडफाड बोलतात, निस्तं बाई, बाप्या, बादली समदं एकाच मापात मोजतात. 'भामाबाय, तू जेवला का? बादली आला का?' आपन म्हनायचं, व्हय, जेवला, बादली बी आला. काय फरक पडतो? पन रीत लई झ्याक. नवीन मानूस लागला, मंग तो मोठा डॉक्टर असो का झाडूवाला असो, त्याला तीन महिने एक जुना जोडीदार. आन् तो जोडीदार हापिसानं ठरवायचा नाय! बिस्किटाचा पत्र्याचा डबा, त्यात समद्या जुन्या मानसांच्या चिठ्ठ्या, नव्यानं हात घालायचा, जो निघंल तो. डॉक्टरला माळी निघतो, माळ्याला मेट्रन निघती. एकदा हाडाच्या डॉक्टरला आमची सैपाकीन केसरबाई निघाली. तीन महिन्यांत त्याला ज्वारीच्या भाकरी थापता यायला लागल्या, त्याची बायको अजून केसरबाईला दिवाळीला साडी नेसवती!

आन् तीन महिने झाले की समद्यांनी गोल बसायचं. गोल! टेबल नाय, पुढची रांग नाय, सर्जनच्या शेजारी झाडूवाली, झाडूवालीच्या शेजारी सिस्टर. आन् जोडीदारानं उभं राहून फॉर्म वाचायचा, मंग नव्याची नोकरी पक्की. तीन सवाल असतात. एक, काम येतं का. दोन, मानसांशी कसा वागतो. हे दोन सोपे. तिसरा लई वंगाळ… 'सांगायचं राहिलं असं काही आहे का?' बगा! दिसायला किती गरीब सवाल. पन त्या सवालापायी माझं अर्धं केस पांढरं झालं.

मुकुंदराव आले स्टोअरकीपर म्हनून. वय पन्नाशीचं, कडक इस्तरी, खिशाला दोन पेनं. आजा खुलताबादकडं कुलकर्नी, बाप तहसिलीत कारकून, हे स्वतः एका कंपनीत स्टोअरला होते, ती सुटून आठ महिने घरी. त्यांनी डब्यात हात घातला, चिठ्ठी उघडली: भामाबाई, बाळंतीन वॉर्ड. ते चिठ्ठीकडं बघतात, माझ्याकडं बघतात, परत चिठ्ठीकडं. 'म्हणजे… माझा फॉर्म आपण भरणार?' म्या म्हनलं, 'हौ, मीच भरनार, दहावी पास हाय मी, सत्तावन टक्के, ते बी पंचेचाळिसाव्या वर्षी!' माझ्या आज्यानं ह्यांच्या आज्याच्या दप्तरात किती अंगठे उमटवले असतील कोनास ठाऊक, आन् आता ह्यांचा कागद माझ्या सहीवर! मनातून बरं वाटलं, खोटं कामून बोलू? पन मानूस गुनाचा निघाला. तिसऱ्याच दिवशी माझ्यासाठी डब्यात थालीपीठ आनलं, बायकोनं दिलेलं, आन् समोर बसून माझ्या डब्यातलं ठेच्याचं बोट चाटून डोळ्यातून पानी काढलं. म्हनलं, हा टिकंल.

आन् त्यात माझं बी घोडं अडकलेलं. साफसफाईच्या सुपरवायझरची जागा निघाली होती. आजवर तिथं बाहेरूनच मानूस यायचं, शिकलेलं, पायात बूट असलेलं. पन सिस्टर मला बोलावून म्हनल्या, 'भामाबाय, ह्या वेळेला मावशी लोकातला माणूस सुपरवायझर होणार. तू अर्ज कर. पण मी बघणार, तू मुकुंदचा फॉर्म कसा भरतो. सुपरवायझर म्हणजे खरा लिहिणारा माणूस.' झालं! म्हनजे त्यांची नोकरी माझ्या फॉर्मावर, आन् माझी बढती बी त्याच फॉर्मावर. आतापर्यंत ठीक हाय ना? पुढं ऐका.

पान्याची तंगी, म्हनून मागच्या अंगनात ड्रम मांडलेले. वीस. दहा हिरवे, दहा लाल. हिरव्यात प्यायचं, गाळलेलं, औषध टाकलेलं. लालमंदी धुन्याचं निथळ, हात धुतल्याचं, साबनाचं. ते फरशीला आन् संडासला. ड्रम समदे एका मापाचे, एका उंचीचे, फरक निस्ता रंगाचा. लेकराला कळंल असा हिशेब. आन् ड्रमाची जबाबदारी कोनाची? स्टोअरकीपरची!

दुसऱ्याच दिवशी म्या म्हनलं, 'मुकुंदराव, लाल ड्रमातली तेवढी बादली द्या, फरशी पुसायचीय.' 'हो हो, लगेच!' आन् गेले, आन् ड्रमांपुढं उभे. उभे म्हनजे उभेच! गनपतीच्या रांगेत उभं राहावं तसे. मंग इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, कोनी बघत नाय अशी खातरी केली… मी होते ना वॉर्डाच्या खिडकीत!… आन् एका ड्रमाचं झाकन काढून आत नाक घातलं. नाक! हुंगलं. दुसऱ्याचं काढलं, हुंगलं. आन् मंग बरोब्बर लालमधून बादली भरून आनली, चेहरा असा की जसं काय झालंच नाय. म्या मनात म्हनलं, अगं बाई, ह्या मानसाला कशाचं व्यसन म्हनायचं हे?

पुढच्या आठवड्यात बायको गेली पैठणला म्हायेरी. आन् हे कामाला आले ते एका पायात हिरवा मोजा, एका पायात लाल! दिवसभर तसेच. मंग माझी ट्यूब पेटली. माझा मामेभाऊ हाय पिशोरला, सांडू. त्याचं असंच. मिरची लाल झाली का हिरवी हाय, हे त्याला कदी कळलंच नाय. तोडायला पाठवलं की समदं झाडच भादरून आनायचा, मामी त्याला लाटण्यानं हानायची, आन् ते पोरगं म्हनायचं, 'मला दोन्ही सारखंच दिसतंय गं!' कोनाला खरं वाटंना. म्हनलं, भामे, हा सांडूचा प्रकार हाय. ह्या मानसाला लाल-हिरवं वळखू येत नाय, आन् सिस्टरनं ह्याच्याच हातात लाल-हिरवे ड्रम दिलेत!

तुम्ही म्हनाल, मंग इचारायचं सरळ. तुम्हाला बोलायला काय जातंय? आवं, कसं इचारनार? पन्नाशीचा मानूस, आठ महिने घरी बसलेला, चालताना बी भिंतीला धरून चालल्यासारखा, कोनी मोठ्यानं हाक मारली तर दचकायचा. एकदा जेवताना म्हनले, 'भामाबाई, ही नोकरी गेली तर मला घरी जायला तोंड नाही. मुलगी इंजिनिअरिंगला आहे, तिला वाटतं बाबा आता बिनधास्त आहे.' आता इचारलं, तर त्यांना कळनार की मला कळलं. मला कळलं म्हनजे तिसऱ्या सवालात जानार. सवालात गेलं म्हनजे नोकरी गेली! आन् लपवलं तर माझी सुपरवायझरी गेली, आन् उद्या कोन्या बाळंतिनीच्या पोटात फरशीचं पानी गेलं तर माझं इमानच गेलं. सांगा, काय करावं मानसानं? गुपित त्यांचं, आन् घाम माझा!

म्या काय केलं, सकाळी लौकर येऊन दहाच्या दहा लाल ड्रमांच्या गळ्याला सुतळी बांधली. कोनी इचारलं तर सांगायचं, सुतळीनं डास येत नाय. कोनी इचारलंबी नाय. समाधानानं घरी गेले. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर काय, हिरव्या ड्रमांच्या झाकनावर एकेक वीट! म्हनलं, ही वीट कोनाची? माळीबुवा कडुबा तिथंच घुटमळत होता. 'काय रे कडुबा, विटा कामून?' 'वारं सुटतंय ना मावशी, झाकन उडतंय.' वारं! पान हलत नव्हतं. बरं, दोन दिवसांनी हिरव्याच्या अंगावर लुगड्याच्या चिंध्या. चिंध्या कोनाच्या, तर केसरबाईच्या, मला नसंल का वळखू येत तिचं नेसूचं? 'काय गं केसर?' 'काय नाय बाई, हात पुसायला बरं पडतं.' दहा ड्रमांवर दहा ठिकानी हात पुसती ही! मंग कुन्या डॉक्टरानं लालला पांढऱ्या चिकटपट्टीची फुली मारली, म्हनला, 'ड्रम मोजायला सोपे जातात.' मला मेलीला वाटत होतं का मीच एकली शहानी. आन् परतेक जन बी हेच समजू राह्यला होता!

महिनाभरात ते ड्रम असे नटले, असे नटले… सुतळ्या काय, विटा काय, चिंध्या काय, एकाला तर कोनी घुंगरू बांधलं. टँकरवाला आला, पाइप हातात धरून बघतच राह्यला. 'क्या खाला, ड्रमां की शादी लगी क्या? हमकूबी बुलाव!' म्या म्हनलं, 'तू पानी वत, नवरीकडचा होऊ नको.' आन् एक दिवस स्वतः मुकुंदरावच इचारतात, 'अहो भामाबाई, या ड्रमांना एवढं नटवायचं कारण?' माझ्या तोंडात काय यावं? 'दृष्ट लागू नये म्हनून!' आता तुम्हीच बगा. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातली मी, माझ्या सासऱ्यानं उंबऱ्यावरचं लिंबू-मिरची काढून नालीत फेकलेलं, आन् मी भर दवाखान्यात ड्रमाची दृष्ट काढू राह्यले! घरी हे सांगितलं तर लेक दोन दिवस माझ्याशी बोलला नाय. गुपित त्यांचं, आन् घाम माझा!

बरं, मानूस कामाला कसा? एक नंबर. एका दिवशी टँकर आला, समदे भांडी घेऊन धावले, ह्यांनी पाइपापाशी नाक नेलं आन् म्हनले, 'हे पाणी उतरवू नका.' टँकरवाला भांडला, लोक बोलले, दुष्काळात पानी परत पाठवतो का कोनी? हे हलले नाय. सिस्टरनं बाटली तपासायला पाठवली, तर खराब निघालं पानी, प्यायचं नव्हतंच ते. मी तिथंच उभी होते, बगा. डोळ्यानं पाहिलं, कानानं ऐकलं, पन डोक्यात काय घेतलं नाय. कारन माझ्या डोक्यात एकच, ह्या बिचाऱ्याला जपायचंय. जपायचा नाद लई वाईट असतो. समोरच्या मानसाला काय येतं ते दिसतच नाय मंग.

आन् उजाडला तो दिवस. फॉर्माचा दिवस, दुपारी चारला. आन् नेमकं त्याच दिवशी मंगळूरहून संस्थेच्या थोरल्या मदर येनार! आदल्या दिवशी मी रजेवर, लेकाला पोरगी बघायला गेलेले. सकाळी येते, तर अंगन लख्ख! नवीन हापिस मॅनेजर हाय ना, मृण्मयी म्याडम, तरुन पोरगी, लई उरक. तिनं ड्रमांवरचं समदं उतरवलेलं. सुतळी नाय, वीट नाय, चिंधी नाय! वर आन् ड्रम धुऊन, रांगा मोडून, शोभंल म्हनून एक हिरवा-एक लाल, एक हिरवा-एक लाल असे मांडलेले! 'छान दिसतंय ना मावशी?' माझं तर पानी-पानी झालं. आन् तेवढ्यात वॉर्डातून हाक, एक बाळंतीन आलेली, गेले मी.

अकराला हात धुऊन बाहेर येते, तर व्हरांड्यात थोरल्या मदर उभ्या, म्हाताऱ्या, पांढऱ्याशुभ्र; बाजूला सिस्टर; पुढं भलंमोठं पातेलं, लिंबाचं सरबत, केसरबाई वगराळं बुडवू राह्यली. आन् पातेल्याच्या मागं रिकाम्या दोन बादल्या घेऊन कोन उभं? मुकुंदराव! घामानं डबडबलेले, हसू राह्यले. म्या इचारलं, 'पानी कोनी आनलं?' केसरबाई मान वर न करता म्हनती, 'मुकुंदरावांनी. मला सवड कुठं होती?'

तुम्हाला सांगते, डोळ्यांपुढं अंधारी आली. नंगे ड्रम, एक हिरवा-एक लाल, आन् पानी मुकुंदरावांनी! मदर फरशीचं पानी पिनार! केसरबाईनं पेला भरला, मदरनं हात पुढं केला, आन् मी… मला काय झालं मला ठाऊक नाय, मी पदर खोचला, धावले, आन् पातेल्याला घातली लाथ! धाडकन! वीस लिटर सरबत व्हरांड्यातून पायऱ्यांवरून अंगनात. मदरचे पांढरे बूट लिंबू-साखरेत. आन् दुष्काळात पानी सांडल्याचा आवाज, तुम्हाला सांगते, समद्यात मोठा आवाज असतो तो. वॉर्डातून पेशंट निघाले, पेशंटचे नातेवाईक निघाले, कन्नड तालुक्याकडची एक म्हातारी तर गळाच काढून रडली, 'आरं आरं, येवढं पानी! येवढं पानी!' मानूस पडलं असतं तर एवढी गर्दी जमली नसती.

मुकुंदराव म्हनले, 'भामाबाई, काय झालं?' म्या म्हनलं, 'पाय घसरला.' कडुबा हळूच म्हनतो, 'येवढा नेम धरून?'

चारला गोल बसला. मदर बी गोलात, बूट बदलून. माझ्या हातात फॉर्म. पयल्या सवालाला लिहिलेलं, काम चांगलं येतं. दुसऱ्याला, मानसाला मानूस म्हनून वागवतो. आन् तिसऱ्याला, रात्रभर जागून, काळजावर दगड ठेवून लिहिलेलं: काही नाही. उभी राहिले, तोंड उघडलं, तेवढ्यात सिस्टर म्हनतात, 'फॉर्म नंतर. आधी सांग, तू सरबतला लाथ का मारला?' आता बोला! खरं सांगावं तर त्यांची नोकरी जाती, खोटं सांगावं तर माझी अब्रू जाती. मी आपली पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरू राह्यले. चोवीस वर्षांत पयल्यांदा मला त्या दवाखान्यात रडू आलं.

आन् मुकुंदराव उठले. 'सिस्टर, त्यांना बोलू नका. त्यांना वाटलं मी लाल ड्रममधलं पाणी आणलं. मला लाल आणि हिरवा रंग ओळखता येत नाही. जन्मापासून. आधीच्या कंपनीत हे कळलं, तेव्हा आठवड्याच्या आत राजीनामा लिहून घेतला. म्हणून इथं बोललो नाही. भामाबाईंना दुसऱ्या आठवड्यापासून माहीत आहे, हे मला माहीत होतं. त्या सुतळ्या मला दिसत होत्या. रंग दिसत नाही, सुतळी दिसते.' आरं देवा! म्हनजे त्यांना कळलंय हे मला कळू नये म्हनून ते बी तीन महिने पळू राह्यले होते!

म्या म्हनलं, 'मंग ते सरबताचं पानी?' ते म्हनले, 'हिरव्यातलंच होतं. औषधाचा वास येतो, साबणाचा वास येतो, मी प्रत्येक ड्रम हुंगून घेतो. तीन महिन्यांत एकदाही चुकलो नाही.' म्हनजे चांगलं होतं? 'उत्तम होतं, भामाबाई.' वीस लिटर! वीस लिटर चोख पानी म्या लाथेनं उडवलं, निस्तं इचारलं नाय म्हनून!

मंग केसरबाई उठली. 'मला बी ठावं होतं, टमाटे निवडताना कळलं.' कडुबा उठला, 'मला बी.' डॉक्टरनं हात वर केला. एकेक करत समद्या गोलानं हात वर केले, पाहुन्या मदर आन् मृण्मयी म्याडम सोडून, म्याडम बिचारी डोक्याला हात लावून बसली. आन् शेवटाला सिस्टरनं हात वर केला! 'मला पहिल्या दिवसापासून माहीत. अरे मुकुंद, तुझा मेडिकल कुठं झाला? आमच्याच दवाखान्यात झाला ना! डोळ्याच्या डॉक्टरनं लिहून दिला. स्टोअरच्या कामाला चालतो, असा पण लिहिला. कागद माझ्या टेबलात आहे.' मुकुंदराव म्हनतात, 'ते रंगीत ठिपक्यांतले आकडे… मी अंदाजानं सांगितले होते. मला वाटलं, जमलं.' डोळ्याचा डॉक्टर म्हनला, 'अकरापैकी एक जमला होता.' घ्या! मानूस डोळ्याची गोष्ट लपवतो, आन् कोनापासून, तर डोळे तपासनाऱ्यापासून!

हसला समदा गोल, मदर तर पोट धरून. मंग सिस्टर म्हनल्या, 'हा माझा पण चूक. मी वाट बघत बसला, तो कधी सांगेल. मी विचारायला पाहिजे होता, तुला काय लागतो.' आन् मुकुंदराव खाली बसले आन् दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले. मोठ्यानं. कंपनीत लिहून दिलेला तो राजीनामा, घरातलं आठ महिन्यांचं गप बसनं, समदं वाहून गेलं बगा. मी शेजारी बसले, पाठीवर हात ठेवला. माझ्याच अंगावरनं कोनीतरी धान्याचं पोतं उतरवून घेतल्यासारखं हलकं वाटलं मला. तिथंच पेन मागितला, 'काही नाही' खोडलं, आन् लिहिलं: ह्यांना दोन रंग वळखू येत नाहीत. आम्हाला इचारता येत नाही. वाचून दाखवलं. सिस्टर म्हनल्या, 'उशिरा लिहिला. पण खरा लिहिला.' आन् दोन्ही कागदांवर सही केली, त्यांच्या बी आन् माझ्या बी!

तर आता मुकुंदराव पक्के, मी सुपरवायझर, पायात बूट. लाल ड्रम काढून तिथं चौकोनी टाक्या आनल्या, डोळे मिटून हात लावला तरी कळतं, आन् हे सुचवायला त्यांना दोन मिन्टं लागली. दोन मिन्टं! तीन महिने कोनी इचारलंच नव्हतं ना.

आन् परवा काय झालं, नवीन नर्स लागली, रूपा. चिठ्ठी निघाली माझीच. पयल्याच सकाळी पाहिलं, पोरगी जिन्यापाशी येती, थांबती, काहीतरी विसरल्यागत परत फिरती. झालं, माझं डोकं सुरू! कडुबाला सांगून वरची औषधं खाली आनू, केसरबाईला सांगून डबा खालीच देऊ, कोनी इचारलं तर जिन्याला रंग देनं चाललंय म्हनू… आन् मंग स्वतःलाच चिमटा काढला. गेले सरळ तिच्यापाशी. म्हनलं, 'काय गं बाई, जिन्याचं काय हाय?' ती म्हनली, 'मावशी, गुडघ्यात सळई बसवलीय. खालचा वॉर्ड मिळंल का?'

दिला. संपलं! घड्याळात बघते तर सकाळचे सव्वानऊ. आता तुम्हीच सांगा, सांजच्या पाचपर्यंत मी करू काय?